काम पाहून डाळ

हटवार मामांनी मला एकोणीस वर्षं पातळ डाळ वाढली आणि शेजारधर्म म्हणून मी ती एकोणीस वर्षं प्यायलो. प्यायलो असंच म्हणायला हवं, कारण खाण्यासारखं तिच्यात काही नसायचं.

त्यांचं माझ्याशी वाकडं होतं असं कोणी समजू नये. इथं छत्तीसगढात, मरोद्यात आमच्या घरापासून तिसरं घर त्यांचं. माझी आई आणि ते भंडाऱ्याकडच्या एकाच गावचे, म्हणून ते माझे मामा. आणि मी मामा म्हणतो म्हणून हळूहळू सगळी गल्लीच त्यांना मामा म्हणायला लागली. घरी गेलो तर गिरजामामींच्या हातचा चहा पाजल्याशिवाय सोडायचे नाहीत. पण दुपारी पोलादाच्या प्लांटच्या कॅन्टीनमध्ये मी ताट पुढे केलं की हा माणूस मला ओळखेनासा व्हायचा. माझ्या तोंडाकडे बघायचाच नाही. माझ्या हातांकडे बघायचा.

मोठ्या गंजात डाळ शिजवून ठेवली की घट्ट सगळं तळाला बसतं आणि वर पिवळं पाणी तरंगतं. घरी आपण ढवळून घेतो. मामा ढवळत नसत. त्यांचा सगळा कारभार ओगराळं किती खोल घालायचं यावर चाले. माझ्यासारखा पर्सोनेल ऑफिसातला बाबू आला की ओगराळं वरच्यावर बुडून यायचं. क्रेनवाला आला की मनगटापर्यंत. आणि कोक ओव्हनचा किंवा भट्टीवरचा माणूस आला, पाठीवर घाम वाळून मिठाची पांढरी रेघ उमटलेली, की मामांचा हात कोपरापर्यंत गंजात जायचा, तळाला घासल्याचा आवाज यायचा, आणि ताटात पडायचा तो डाळीचा गोळाच. वर दुसरं ओगराळं.

एकदा मी धीर करून म्हटलं, "मामा, थोडी खालची द्या ना."

"कायले?"

"भूक लागते."

"भूक तं सगळ्याईलेच लागते, बाबू. तू उचलतं का? फायली. फायली उचलाले मांड्या लागते का?" आणि माझ्या मागच्याला, "चल गा, पुढं ये."

काम पाहून डाळ, एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान. शाळा चौथीपर्यंत झालेली, पण ही एक गोष्ट त्यांच्या डोक्यात इतकी पक्की होती की तिच्यापुढे प्लांटचे नियमही चालत नसत. एक नवे साहेब आले होते, तरुण, सगळं सरळ करायची हौस असलेले. त्यांच्याकडे ऑफिसच्या लोकांनी तक्रार केली. (त्या अर्जावर माझीही सही होती, हे मामांना शेवटपर्यंत कळलं नाही अशी माझी समजूत आहे.) साहेबांनी हुकूम काढला, प्रत्येक ताटाआधी डाळ नीट ढवळायची, सगळ्यांना सारखी मिळाली पाहिजे. मामा म्हणाले, "जी साब." आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक ताटाआधी त्यांनी डाळ नीट ढवळली. दोन्ही हातांनी, तळापासून, सावकाश, देवपूजा करावी तशी. रांग सायकल स्टँडपर्यंत गेली. भोंगा वाजला तेव्हा निम्मे लोक उपाशी होते. तिसऱ्या दिवशी साहेब स्वतः येऊन म्हणाले, "हटवार, जैसा पहले करते थे, वैसा करो." मामा म्हणाले, "जी साब." मी आपलं पातळ घेऊन मुकाट्यानं बसलो.

बरं, हे कॅन्टीनपुरतंच असतं तर ठीक होतं. माझ्या लग्नानंतर तिसऱ्या दिवशी मटणाची पंगत होती. वाढायला मामाच, आमच्या समाजात पंगत म्हटलं की वाढायला तेच असायचे. मांडवाचे खड्डे खणणाऱ्या पोरांना त्यांनी वेचून वेचून तुकडे वाढले. पाण्याचे पिंप भरणाऱ्यांना वाढले. माझ्यापाशी आले आणि एक हाडूक, वर रस्सा. माझे नवे मेहुणे बघत होते. मी हळूच म्हटलं, "मामा, मी नवरदेव आहे."

"नवरदेव हायेस म्हनून का झालं? चार दिवस तू तं बसूनच होता."

आमच्या सौभाग्यवतींनी त्या दिवशी मांडवात जे हसू आवरलं, ते आजवर हप्त्याहप्त्यानं चालू आहे.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. त्यांनी स्वतःला या कायद्यातून वगळलं नव्हतं. सुट्टीच्या दिवशी मामा भाताच्या पेजेवर राहायचे. पेज, मीठ, लिंबाच्या लोणच्याची फोड. ताप आला तर पेज. संपात प्लांट बंद होता तेव्हा सगळे दिवस पेज. "आज आपली हजेरी नाई," असं म्हणायचे, आणि त्यात त्यांना आपण काही सोसतोय असं वाटत नसे. काम नाही तर अंगाला काय लागतं, असा सरळ हिशोब. रिटायर झाल्यावर आम्हाला वाटलं आता हा माणूस पेजेवरच मरणार. पण त्यांनी कामं शोधून काढली. कोणाचं कुंपण बांधून दे, कोणाची टाकी धू, सायकलवर जामुलला जाऊन कोणाच्या तरी नव्या घराच्या भिंतींना पाणी मार. संध्याकाळी घरी येऊन मामींना ओरडून सांगायचे, "आज दोन ओगराळे!"

आणि मग ते मुनग्याच्या झाडावर चढले.

मुनगा म्हणजे पुण्या-मुंबईकडचा शेवगा. त्याचं लाकूड कसं असतं हे आमच्या गल्लीतल्या लहान लेकरालाही माहीत आहे. भाजून ठेवलेल्या पापडासारखं. बहात्तर वर्षांच्या माणसानं त्यावर चढू नये हे सांगायला कोणी लागत नाही. मामा चढले, कारण समोरच्या घरच्या बाईंना शेंगा हव्या होत्या. फांदी मोडली, मामा खाली, आणि मांडीचं हाड खुब्यापाशी तुटलं.

ऑपरेशन झालं, आत सळई घातली. डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी वॉकर देऊन उभं केलं आणि घरी पाठवताना सांगितलं की रोज थोडं चालवा, चांगलं खाऊ घाला. हे सगळं कागदावर इंग्रजीत लिहिलेलं होतं. तो कागद मीच वाचून दाखवला. आणि वाचून झाल्यावर वर माझ्या मनाचं जोडलं, "तरी मामा, सांभाळून. हाड जुळेपर्यंत घाई नको. आता आराम करा."

मी आयुष्यात कधी करंगळीही मोडून घेतलेली नाही. तरी मी हे इतक्या अधिकारानं बोललो की मामींनी डॉक्टरचं सोडून माझं ऐकलं. मला वाटतं मी एकटा नव्हतो. बघायला येणारा प्रत्येक जण हेच म्हणत होता. कुम्हारीहून आले, दुर्गहून आले, रेल्वेतले नागपूरचे पाहुणे आले. सफरचंद, बिस्किटचे पुडे, नारळपाणी, आणि आराम करा. आजाऱ्याला हलकं द्यावं, पडून ठेवावं, याबाबतीत आमच्या लोकांत कधी दुमत होत नाही. वॉकर दाराच्या मागे गेला. त्यावर टॉवेल वाळायला लागले.

आणि मामांनी पेज मागितली.

"चांगलं वरण करून राहिली मी," मामी म्हणाल्या.

"कायले? मी का ड्युटीवर हावो का?"

पहिल्या महिन्यात कोणाला काही वाटलं नाही. दुसऱ्या महिन्यात मी एकदा त्यांची चादर सारखी करायला गेलो आणि त्यांचा पाय बघून हात तसाच राहिला. गुडघा मांडीपेक्षा मोठा दिसत होता. दुखरा पाय तर होताच, पण चांगला पायही तसाच, उसाचं चिपाड पडावं तसा. दंडावरची कातडी सैल पडली होती. तोच तो दंड, एके काळी गंजात बुडणारा. मी गंमत करायची म्हणून म्हटलं, "मामा, आता ऑफिसात बसायच्या लायकीचे झालात." ते हसले नाहीत. मीही नाही.

खाटेवरून त्यांना आता उठताच येत नव्हतं. उठायचं म्हणजे मामींनी उठवायचं. मुलगा पुण्याला, त्याचं घर छोटं, रजा संपलेली. तो फोनवर रोज विचारायचा, पण फोननं माणूस उचलला जात नाही. मामी अंगानं चिमुकल्या. त्या आधी त्यांच्या बगलेत हात घालायच्या, कपाळ त्यांच्या छातीला टेकवायच्या, एक दोन तीन म्हणायच्या, आणि दोघं मिळून कशीबशी खुर्चीपर्यंत. मग बाथरूमपर्यंत. मग परत. दिवसातून सात-आठ वेळा, उन्हाळ्यात, पंखाही गरम हवा फेकत असताना. मी असलो की मदत करायचो. म्हणजे मी एकदा मदत केली आणि दोन दिवस माझी कंबर धरली. त्यानंतर मामी म्हणायच्या, "राहू दे बापू, तुले कुठं सवय हाये," आणि मीही फार आग्रह करत नसे, हे आज लिहिताना बरं वाटत नाही.

मामींनी एक युक्ती केली. वरण घोटून, गाळून, पेजेत मिसळलं. मी तेव्हा तिथंच बसलो होतो. मामांनी एक घोट घेतला, तोंडात फिरवला आणि वाटी खाली ठेवली.

"याच्यात डाळ हाये."

"नाई जी. तांदूळ नवा हाये म्हनून तसा लागते."

"गिरजा. मी बत्तीस वर्ष डाळ वाढली. मले शिकवून राहिली का?" वाटी सरकवली. "काम न करता खाल्लं तं ते पचत नाई. उगाच कायले वाया घालवतं?"

मामी वाटी घेऊन आत गेल्या. आतून भांडं घासल्याचा आवाज फार वेळ येत राहिला.

मग ऑपरेशनवाल्या डॉक्टरांनी पाठवलेली फिजिओथेरपीची मुलगी आली. पूर्णिमा तिचं नाव, इथलीच, छत्तीसगढची, हसरी. तिनं टेप काढून मामांच्या दोन्ही मांड्या मोजल्या आणि तिचं हसू गेलं. काय खाता, विचारलं. मामींनी सांगितलं. ती खाटेच्या कडेला बसली.

"दादाजी, आप तो लेटे हैं, पर शरीर छुट्टी पर नहीं जाता. उसको रोज चाहिए. दाल, अंडा, दही, सोयाबीन की बड़ी, कुछ भी. बाहर से नहीं मिला, तो आपकी ही जाँघ से निकालकर खा लेता है."

"बेटी, जो काम ही नहीं करता..."

"उसी को तो ज्यादा खयाल रखना पड़ता है. जवान आदमी का हफ्ते भर में जो जाता है, वो भर जाता है. आपकी उमर में जल्दी जाता है और बड़ी मुश्किल से लौटता है." ती मामींकडे वळली. "किडनी की जाँच ठीक है, मैंने रिपोर्ट देखी. हर खाने में थोड़ा-थोड़ा दीजिए. और दादाजी को उठाइए, लिटाकर मत रखिए. अकेला खाना भी नहीं चलेगा, अकेली कसरत भी नहीं."

लिटाकर कोणी ठेवलं होतं, हे तिला कोणी सांगितलं नाही. मी खिडकीतून मुनग्याच्या झाडाकडे बघत होतो.

ती गेल्यावर मामा म्हणाले, "पोरगी चांगली हाये. पन तिले कॅन्टीनचं का मालूम?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मी अंडी घेऊन गेलो. बस, तेवढंच माझं काम. अंडी ठेवायची आणि निघायचं. पण मामींनी बसवून घेतलं. "बस बापू, आज तू साक्षीले राह्य." मामांना नुकतंच उठवून खुर्चीत बसवलं होतं. त्यांच्यापुढे त्यांची पेज. मामी समोर जमिनीवर बसल्या आणि स्वतःपुढे ताट ओढून घेतलं. भात, त्यावर घट्ट वरण, एकदा, मग दुसऱ्यांदा. बाजूला दोन उकडलेली अंडी.

मामा बघत राहिले. नवरा जेवायच्या आधी बायको ताट घेऊन बसली, असं त्या घरात मी कधी बघितलं नव्हतं. त्यांनी तर नाहीच नाही.

"हे का व?"

"माही डाळ."

"एवढी?"

"काम पाहून." मामींचा आवाज चढला नव्हता. थकलेला होता फक्त. "सकाळपासून तुमाले चार वेळा उठवलं. भांडं देल्लं, धुतलं. कूस बदलून देल्ली. आंग पुसलं. अजून रात बाकी हाये. तुमच्या त्या भट्टीवाल्याले दोन ओगराळे भेटत होते ना? मंग मले किती पायजे? तुमीच सांगा."



"चाळीस वर्ष मी तुमच्या मांगून जेवली. गंजात जे उरलं ते. साऱ्या प्लांटाचे हात पाहले तुमी. घरच्या गंजात किती उरत होतं, ते कधी पाहलं का?"

मामांनी मामींच्या हातांकडे बघितलं. मी बघितलं त्यांना बघताना. ताट पुढे करणाऱ्या माणसाचे हात ते जसे बघायचे, तसेच. पण या वेळी नजर तिथून हलेना. मनगटाला फडकं गुंडाळलेलं होतं. त्यांना उचलताना लचकलं असणार. मलाही ते तेव्हाच दिसलं.

मामी जेवायला लागल्या. चार घास खाल्ले, एक अंडं कसंबसं संपवलं आणि थांबल्या. सवयच नव्हती पोटाला. अर्ध्याहून जास्त ताट तसंच. त्या ताटाकडे बघत बसल्या, इतक्या दमलेल्या की रागावण्याचंही त्राण उरलं नव्हतं. म्हणाल्या, "नाई जात मले."



"ठेव इकडं," मामा म्हणाले.

"का?"

"अन्न वाया जाऊन राहिलं."

त्यांनी ते ताट मांडीवर घेतलं. बायकोचं उष्टं ताट. आमच्या घरांत नवऱ्याच्या ताटात बायको जेवते; उलटं कोणी करत नाही, केलं तर चार माणसांत बोलत नाहीत. मामा जेवले. वरण, भात, ते दुसरं अंडं. शेवटी बोटानं ताट पुसून घेतलं. माझ्याकडे बघून म्हणाले, "तू का पाहून राहिला बे? जाय घरी."

मी गेलो. जाताना मामींकडे बघायची हिंमत झाली नाही.

त्या दिवसापासून त्या घरात एक अजब रीत सुरू झाली. मामी आधी जेवायच्या. मामा त्यांच्या मागून, त्यांच्याच ताटात, जे उरेल ते. त्यांच्या मते ते अजूनही बिनहजेरीचेच होते. फक्त अन्न टाकायचं नाही म्हणून खात होते. आणि मामींना रोज काही ना काही जात नसे. कधी अंडं जात नसे, कधी दही, कधी बडीची भाजी निम्मी राहायची. पण उरवायचं तर आधी वाढून घ्यावं लागे, आणि मामा समोर बसून बघायचे, "तू खाय पहिले. निम्मं तरी खाय." दोघंही एकमेकांना फसवत होती आणि दोघांचीही तब्येत सुधारत होती. पूर्णिमाला यातलं काही सांगितलं नाही. तिनं टेप लावून बघितलं आणि म्हणाली, "जो भी कर रहे हैं, करते रहिए."

हे वाचून कोणाला वाटेल की मग मामा उठले आणि चालायला लागले. तसं काही झालं नाही. सगळा पावसाळा त्यात गेला. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबायची, दहा वेळा. पाय सरळ उचलायचा; उचलला जायचा नाही, नुसता थरथरायचा. खाटेच्या पायांखाली विटा ठेवून ती उंच केली, म्हणजे उठणं सोपं जाईल. उंच खाटेवरून दोन हात टेकून उठायचं, बसायचं. पाच वेळा झालं की मामांचा चेहरा राखेसारखा व्हायचा. काही दिवस तर ते भिंतीकडे तोंड करून पडायचे. "सोड ना व. कोनाचं भलं होनार हाये?" मामी बाजूला उभ्या राहायच्या, मनगटाला फडकं बांधलेलं. मामांची नजर त्या फडक्यावर जायची, आणि ते पुन्हा बसते व्हायचे.

त्यांना सोबत म्हणून पूर्णिमानं मलाही खुर्चीवरून उठबस करायला लावली, हात न टेकता. आठव्याला माझ्या मांड्या भरून आल्या. "अंकल, आपको भी रोज करना चाहिए," ती म्हणाली. मामा पहिल्यांदा हसले. कितीतरी महिन्यांनी. "मी सांगतच होतो," म्हणाले, "याच्यात काहीच नाई."

दसऱ्याच्या आसपास एका सकाळी ते आपले आपण उठले. मामी आत चहा गाळत होत्या. त्या बाहेर आल्या तर खाट रिकामी आणि बाथरूमचं दार लावलेलं. त्यांनी मला नंतर सांगितलं ते एवढंच, "दाराबाहेर उभी राहिली मी. हाताचं का करू ते समजेना, बापू. नुसती उभी राहिली."

सायकल त्यांनी पुन्हा चालवली नाही. गल्लीच्या टोकापलीकडे गेले नाहीत. जिना नाहीच. मांडी आधीसारखी कधीच भरली नाही. जे गेलं त्यातलं थोडंसंच परत आलं. पण उठायला त्यांना कोणी लागत नव्हतं, आणि सव्वा वर्षानंतर, माघात, निमोनियानं गेले तेव्हा शेवटचे तीन दिवस सोडले तर मामींना त्यांना उचलावं लागलं नाही.

मी तेव्हा इथं नव्हतो. मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं नागपूरला गेलो होतो. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी सांगायला म्हणून त्यांच्याकडे गेलो होतो, तेच शेवटचं बघणं.

फाटक लोटून आत गेलो तर ओसरीत मामी खुर्चीत झोपलेल्या. मान एका बाजूला कललेली, तोंड किंचित उघडं, मांडीवर अर्ध्या सोललेल्या मटाराच्या शेंगांची परात. इतकी वर्षं शेजारी राहून त्या बाईला मी दिवसाउजेडी झोपलेलं कधी बघितलं नव्हतं. मामा पलीकडच्या खुर्चीत. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मग हात न टेकता उठले; थोडं पुढे वाकून, एक श्वास घेऊन, सावकाश. मी हात पुढे केला तर त्यांनी तो मानेनंच बाजूला करायला सांगितला. वॉकर ढकलत फाटकापर्यंत आले. बारा-पंधरा पावलं असतील. मला ती फार लांब वाटली.

"उद्या नागपूरला चाललो," मी हळू आवाजात म्हटलं.

"जाय. पोरीले सांग, नीट खाय म्हना." मला तिथूनच बाजारात जायचं होतं; मी फाटकाबाहेरच्या स्कूटरला किल्ली लावली तर त्यांनी माझा हात धरला. "इथं नको चालू करू. तुह्या गाडीचा आवाज लय होते. लोटत ने."

"मामा, गल्ली चढाची आहे."

"मंग? लोट."

मी लोटत निघालो. माघातलं ऊन होतं, तरी घाम फुटला. चार घरं पुढे जाऊन दम घ्यायला थांबलो आणि वळून बघितलं. वॉकर फाटकाला टेकून ठेवलेला होता. मामा त्याला हात न लावता, पाय थोडे फाकवून, सरळ उभे होते. माझ्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. पाठ माझ्याकडे होती, तोंड ओसरीकडे.

मी आणखी दोन घरं गाडी लोटत नेली.